विश्रामबागवाडा : खांबांची कथा

मावळातल्या कुरवंडे घाटाने तळकोकण गाठून मुंबईस जावे, तर तेथे 1833 मध्ये पूर्ण झालेला टाऊन हॉल आपल्या डोरिक स्तंभांनी ग्रीक अभिजात शैलीची ग्वाही देतो. आणि घाटमाथ्याने उलट पुण्याकडे वळावे, तर सदाशिव पेठेत त्याहून सुमारे पंचवीस वर्षे वडील असलेला दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा उभा आहे. येथील स्तंभ पाषाणाचे नव्हेत, लाकडाचे : खाली कमळासारखे फुगीर, वर निमुळते होत गेलेले, केळफुलांच्या कोरीव नक्षीने नटलेले सुरुदार खांब. आमच्या मते मुंबईचे स्तंभ रुबाबदार खरे, पण सुतारांची ही लवचीक करामत त्यांना साधलेली नाही.

पेशवाई 1818 मध्ये संपली आणि 1821 मध्ये, विद्वानांना दक्षिणा देण्यासाठीच्या जुन्या दक्षिणा फंडाच्या आधारे, इंग्रज सरकारने याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. राजविलासाच्या दालनांत व्याकरणाचे पाठ घुमू लागले! पुढे 1879 साली आगीने पेशव्यांचाच बुधवारवाडा पुरता गिळला, विश्रामबागवाड्यालाही तिची झळ बसली. मात्र हा वाडा लोकवर्गणीतून सावरला गेला. आज महानगरपालिका या संरक्षित वास्तूचा सांभाळ करते.