अय्यंगारांची वीट

पुण्याच्या मॉडेल कॉलनीतल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत लाकडी विटा, पट्टे, भिंतीला बांधलेले दोर, लोड, घड्या घातलेल्या चादरी आणि खुर्च्या आसनांसाठी वापरल्या जातात. योग म्हणजे चटई आणि आपण, एवढंच ठाऊक असलेल्या माणसाला हा पसारा चमत्कारिक वाटतो. पण बी. के. एस. अय्यंगार या शिक्षकाचं सगळं म्हणणं त्यात आहे, असं मला वाटतं.

त्यांचा जन्म 14 डिसेंबर 1918 चा, कर्नाटकातल्या बेल्लूरचा. इन्फ्लुएन्झाची साथ चालू होती. पुढे हिवताप, विषमज्वर, क्षय असं एकामागून एक दुखणं लागलं. वडील लवकर गेले. 1934 मध्ये ते बहिणीचे यजमान टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे म्हैसूरला गेले, तेव्हा पुढे वाकल्यावर हात जमिनीला टेकत नव्हते. गुरू कडक होते आणि समजावून सांगण्याची त्यांची रीत नव्हती. 1937 मध्ये त्यांनी या मुलाला शिकवायला पुण्याला धाडलं. वय अठरा, मराठी येत नाही, आणि समोरचे कॉलेजकुमार अंगापिंडाने त्याच्यापेक्षा दणकट.

ज्याला आसन सहज जमतं, त्याला ते कसं जमलं हे सांगता येतंच असं नाही. अय्यंगारांना काहीच सहज जमलं नव्हतं. गुरू दूर म्हैसूरला, म्हणून तासन्‌तास एकट्याने सराव करत कुठला स्नायू कुठे अडतो, टाचेवर भार कमी पडला की कंबर कशी फिरते, हे त्यांनी स्वतःच्या देहावर तपासलं. त्यांच्या वर्गात पायाच्या करंगळीबद्दलही सूचना मिळत असे, ती या तपासणीमुळे.

त्रिकोणासन घ्या. नवखा माणूस हात पावलापर्यंत न्यायच्या नादात छाती जमिनीकडे वळवतो आणि बरगड्या आवळून घेतो. हात टेकला, पण आसन हरवलं. हाताखाली वीट ठेवली की छाती मोकळी राहते, श्वास अडत नाही, आणि नेमकं काय साधायचं होतं ते देहाला कळतं. सर्वांगासनात खांद्यांखाली चादरींची जाड घडी घालून डोकं खाली जमिनीवर ठेवतात. त्याने मान चिरडत नाही आणि आसनात बराच वेळ थांबता येतं. थांबणं हा या पद्धतीचा प्राण आहे. आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, गर्भवतीला तेच आसन आधार घेऊन मिळतं. त्यांना वर्गाबाहेर बसवावं लागत नाही. मला यातली माणुसकी फार मोठी वाटते.

1952 मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन त्यांना भेटले आणि 1954 मध्ये स्वित्झर्लंडला घेऊन गेले. युरोपची दारं तिथून उघडली. 1966 चं ‘लाइट ऑन योगा’ जगभर पोहोचलं. त्याची प्रस्तावनाही मेन्युइन यांचीच. पत्नी रमामणी 1973 मध्ये गेल्या. त्यांच्या नावाची पुण्यातली संस्था 1975 मध्ये उभी राहिली.

अय्यंगार गुरुजी वर्गात ओरडत, वेळप्रसंगी चापटही मारत. त्यांचे शिष्य हे लपवत नाहीत. कित्येकांना त्यात आस्था दिसली. मला ते पटत नाही. ज्याने स्वतः धाकाखाली शिकताना सोसलं, त्याने तो धाक पुढे नेऊ नये असं वाटतं. पण दुखऱ्या गुडघ्यावर किंवा आखडलेल्या पाठीवर नजर ठेवून, त्या माणसापुरता वेगळा आधार शोधून देणारी त्यांची काळजीही तितकीच खरी होती. भरधाव आसनांच्या आजच्या वर्गांमध्ये शिक्षक स्वतःच करत राहतो आणि विद्यार्थी त्याच्याकडे पाहत राहतात. तिथे ही नजर ठेवायला सवडच उरत नाही.

20 ऑगस्ट 2014 रोजी, पंच्याण्णवाव्या वर्षी, पुण्यातच त्यांचं निधन झालं. त्याआधीच्या वर्षांत नात अभिजाता वर्ग घेत असे आणि त्याच दालनात ते आपला सराव करत. मध्येच कुणाचं काही चुकलं की आपल्या आसनातूनच ते तिला सूचना देत, आणि ती तशी वर्गाला सांगत असे.