डब्याचा कॅमेरा आणि न्हाणीघरातली डार्करूम

मंडळाच्या मागच्या उन्हाळी शिबिरात आम्ही मुलांना दूध पावडरच्या रिकाम्या डब्याने फोटो काढायला शिकवले. खरे सांगायचे तर मुलांबरोबर आम्हीही शिकलो. आमच्यातले एक काका सोडले, तर डार्करूममध्ये कुणीच पाऊल ठेवलेले नव्हते. शिबिरानंतर बऱ्याच सभासदांनी ‘हे घरी करता येईल का?’ असे विचारले. येईल, आणि खर्चही फार नाही. कसे करायचे आणि आमचे काय काय चुकले, ते इथे सांगतो.

भिंगाशिवाय चित्र कसे पडते?

उन्हाळ्याच्या दुपारी बंद खिडकीच्या बारीक फटीतून छतावर रस्त्यावरच्या रिक्षाची उलटी सावली सरकताना तुम्ही पाहिली असेल. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात आतल्या भिंतीवर गोपुराची उलटी प्रतिमा पडते, तीही सहलीला गेलेल्या अनेकांनी पाहिली आहे. पिनहोल कॅमेरा म्हणजे हेच. प्रकाश सरळ रेषेत जातो. झाडाच्या शेंड्याकडून आलेला किरण छिद्रातून खाली उतरतो, बुंध्याकडून आलेला वर जातो, म्हणून चित्र उलटे.

छिद्र मोठे झाले की चित्र धूसर होते. फार बारीक केले तर प्रकाश छिद्राच्या कडांवरून पसरतो आणि चित्र पुन्हा धूसरच होते. छिद्रापासून कागद १० सेंटीमीटरवर असेल, तर छिद्र साधारण ०.४ मिलिमीटरचे असावे.

डबा तयार करताना

डबा आतून काळ्या रंगाने रंगवावा. रंग चकाकणारा नको. डब्याच्या मध्यभागी बोटभर भोक पाडावे. कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियमच्या कॅनचा छोटा तुकडा कापून त्यावर बारीक शिवणाच्या सुईने, तुकडा फिरवत फिरवत, छिद्र पाडावे. मागे आलेली खरबरीत कड बारीक पॉलिशपेपरने घासून काढावी. मग तुकडा भोकावर आतून काळ्या टेपने चिकटवावा. बाहेरून टेपचीच एक झडप केली की झाले शटर.

डब्यात फिल्मऐवजी कृष्णधवल फोटोपेपर वापरावा. हा कागद लाल उजेडाला दाद देत नाही, त्यामुळे लाल दिव्याखाली डोळ्यांनी बघत काम करता येते. फिल्मला ती सवलत नसते. लाल दिव्यातच कागद छिद्रासमोरच्या भिंतीला, चकचकीत बाजू छिद्राकडे करून, वळवून बसवावा.

आता वेळ. १० सेंटीमीटर अंतर आणि ०.४ मिलिमीटर छिद्र म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत एफ/२५०. नेहमीच्या कॅमेऱ्यात एफ/१६ ला जेवढा प्रकाश येतो, त्याच्या सुमारे २४० पट कमी. त्यात फोटोपेपर फिल्मपेक्षा फार मंद. म्हणून भर उन्हात साधारण ४० सेकंद झडप उघडी ठेवावी लागते आणि सावलीत ८–१० मिनिटेही लागतात. तेवढा वेळ डबा हलता कामा नये. आम्ही तो विटेवर ठेवून वर दुसरी वीट ठेवत असू.

न्हाणीघरात

घरच्या डार्करूमला न्हाणीघर उत्तम, कारण पाणी हाताशी असते. रात्री काम केले तर खिडकीला काळे कापडही पुरते. तीन प्लॅस्टिकचे ट्रे घ्यावेत आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. पहिल्यात डेव्हलपर. दुसऱ्यात पांढरे व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग, हे डेव्हलपरचे काम थांबवते. तिसऱ्यात फिक्सर, म्हणजे जुने लोक ज्याला हायपो म्हणतात ते. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच दाखवले होते. उजेड न लागलेले क्षार तो काढून टाकतो, म्हणून फोटो टिकतो.

प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदाला डेव्हलपरमध्ये दीड मिनिट, व्हिनेगरमध्ये अर्धा मिनिट, हायपोत तीन-चार मिनिटे आणि मग वाहत्या पाण्यात पाच मिनिटे पुरतात. डेव्हलपर २० अंशांच्या आसपास हवा. बडोद्याच्या वैशाखात गच्चीवरच्या टाकीचे पाणी किती तापते ते वेगळे सांगायला नको. आम्ही घमेल्यात बर्फाचे पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवला. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये.

आमची पहिली दहा चित्रे करडी, मळकट निघाली. दोष डब्याचा समजून आम्ही डबे पुन्हा पुन्हा टेपने गुंडाळले. शेवटी काकांनी सांगितले, ‘‘अरे, दिवा तपासा.’’ गणपतीच्या आराशीतला लाल बल्ब आम्ही लावला होता, त्यातून पांढरा उजेडही येत होता. तपासायची रीत सोपी आहे. लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर नाणे ठेवून पाच मिनिटे थांबावे आणि कागद डेव्हलप करावा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा बाद.

मुलांच्या हाती हातमोजे आणि चिमटे द्यावेत, पंखा किंवा झरोका चालू असावा, बाटल्यांवर नावे लिहावीत. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो मोरीत किंवा झाडांना ओतू नये. कॅनमध्ये साठवून चांदी काढून घेणाऱ्याकडे द्यावा.

वाड्याचा फोटो

शिबिराच्या शेवटी आम्ही दांडिया बाजारातल्या एका सभासदांच्या वाड्यात गेलो. दिवाळीनंतर तो पाडायचा ठरला होता. मोबाईलवर त्याचे शेकडो फोटो आधीच होते, पण मुलांना डब्याने काढायचा होता. चौकात आजी झोपाळ्यावर बसल्या होत्या. पहिल्या चित्रात वाडा आला, झोपाळ्याच्या कड्या वरच्या बाजूला आल्या, पण आजी आल्याच नाहीत. चाळीस सेकंदांत जे हलते ते कागदावर टिकत नाही. चौकातून जाणारी-येणारी माणसेही सगळी नाहीशी झाली होती.

एक मुलगी भीत भीत म्हणाली, ‘‘आजी, थोडा वेळ झोपाळा थांबवाल?’’ आजींनी पाय टेकले. सगळ्यांनी मिळून चाळीस आकडे मोजले. त्या रात्री लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर आधी खांब काळवंडत आले असे आम्हाला वाटले, पण निगेटिव्हमध्ये उजेड काळा असतो. काळे होत होते ते चौकातले ऊन. मग त्यात आजींची पांढरट आकृती दिसली. हा कागद कोऱ्या फोटोपेपरवर पालथा ठेवून, वर काच ठेवून, पांढरा बल्ब काही सेकंद लावला की सुलट चित्र मिळते. ते चित्र आता आजींच्या नव्या फ्लॅटमध्ये आहे. वाडा राहिला नाही.

माळ्यावरचे निगेटिव्ह

ही सगळी खटपट का करायची, याचे आमचे उत्तर त्याच वाड्यात मिळाले. माळा रिकामा करताना बिस्किटांच्या डब्यात सहा सेंटीमीटरचे चौकोनी निगेटिव्ह निघाले. ते अ‍ॅग्फा क्लिकचे होते, म्हणजे आपल्या बडोद्यातच बनत असलेल्या कॅमेऱ्याचे. डबा भंगारात जाणार होता. ज्या ट्रेमध्ये मुलांनी आपले फोटो धुतले, त्याच ट्रेमध्ये तेही छापता आले. निगेटिव्हची मंद बाजू खाली, कोऱ्या कागदाकडे, वर काच आणि बल्ब. २, ४, ६, ८ सेकंद अशी एक पट्टी छापून योग्य वेळ ठरवायची. एका छापात सुरसागरच्या काठावर उभी असलेली तरुणी कोण, ते आजींनी लगेच ओळखले. त्यांची धाकटी नणंद. तिचा दुसरा फोटो घरात नव्हता.

दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकले आणि पुढे त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण या गावात घरोघरी न्हाणीघरात फोटो धुणारेही होते. ते आज ऐंशीच्या घरात आहेत. डेव्हलपर किती वेळा वापरावा, कागद कधी उचलावा, हे त्यांच्या हातांना माहीत आहे आणि त्यांना आजवर कुणी विचारलेले नाही.

२००१ पासून एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर पिनहोल फोटोग्राफी दिन पाळतात. त्या दिवशी आपणही डबे घेऊन जमू या. येताना घरातल्या आजोबांना किंवा काकांना आणा. आणि तोपर्यंत एवढेच करा, माळ्यावरचा निगेटिव्हचा डबा भंगारवाल्याला देऊ नका.