गावात उभं राहायचंय? आधी घरचे कागद काढा

ग्रामपंचायतीची निवडणूक भाषणांवर जिंकता येत नाही, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. भावकी, पॅनल, वाड्यावस्त्यांची मतं आणि शेवटच्या दोन रात्रींची धावपळ, यांवर निकाल लागतो. पण त्याच्याही आधी छाननी नावाची चाळणी असते आणि तिच्याबद्दल पारावर जे ठामपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंच चुकीचं असतं. आपला कायदा म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. तो उमेदवाराला त्याचे विचार विचारत नाही. घरपट्टी, संडास, मुलं आणि घराखालची जागा यांची मात्र कसून चौकशी करतो.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांचा पहिला समज जमिनीचा असतो. ‘सातबारा माझ्या नावावर, घर वडिलोपार्जित, कुलदैवत इथलंच, मग मला कोण अडवणार?’ यादी अडवते. उमेदवारीसाठी सातबाऱ्याला काडीची किंमत नाही. त्या गावच्या मतदारयादीत नाव आणि वयाची २१ वर्षं पूर्ण, या दोन गोष्टी लागतात. ग्रामपंचायतीची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेऊन ती प्रभागांत विभागली जाते. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर नाव घालायला धावलात, तर ते पुढच्या वेळी उपयोगी पडेल. शिवाय नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही. ठाण्यात मतदार आणि चिपळूणजवळच्या गावात उमेदवार, असं जमत नाही. उलट एक सवलत लोकांना माहीत नसते: गावच्या यादीत नाव असेल तर त्या गावातल्या कोणत्याही प्रभागातून उभं राहता येतं. आपल्याच आळीतून लढलं पाहिजे, असं बंधन नाही.

आता घरपट्टी. ‘थकबाकी असली की अर्ज बाद’ असं सरसकट म्हणतात. कायद्याचं म्हणणं जरा बारीक आहे. ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा कर मागणीचं बिल रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांत भरला नाही, तर अपात्रता येते. बिल बजावलंच नसेल तर नुसत्या थकबाकीवरून कुणाला बाद करता येत नाही. आणि अर्ज भरण्याच्या दिवसाआधी पैसे भरून टाकले, तर तो दोष उरत नाही. खरी मेख पुढे आहे. एकत्र कुटुंबात एकाने कर थकवला तर त्या कुटुंबातले सगळेच अपात्र धरले जातात. धाकट्या चुलत्याच्या नावावरच्या पडक्या खोलीची पट्टी कुणीच भरत नसतं आणि विरोधी पॅनलला नेमकी तीच खोली आठवते. म्हणून नमुना आठचा उतारा काढून घरातल्या प्रत्येक नावापुढची बाकी पाहावी, पैसे भरावेत आणि पावती जपून ठेवावी.

अतिक्रमणाचं प्रकरण याहून कडक आहे. ‘गायरानातलं घर आजोबांनी बांधलं, मी नाही’ हे उत्तर तयार असतं. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो, एवढंच कायदा म्हणतो. तेव्हा अतिक्रमण नेमकं कुणाचं, यावर बरीच वर्षं वाद चालले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तो मिटवला. सासऱ्याने किंवा नवऱ्याने केलेल्या अतिक्रमणात जी व्यक्ती राहते आणि त्याचा उपभोग घेते, तीही अपात्र ठरते. निवडून आल्यावरही हा मुद्दा सुटत नाही. कुणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो आणि सदस्यत्व मध्येच जाऊ शकतं. संडासाचं तसंच. घरात तो असला आणि वापरात असला पाहिजे. गोवऱ्या रचलेला संडास चालत नाही.

मुलांबद्दलचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, तारखा कुणालाच नसतात. दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला अपात्र ठरवणारी तरतूद १३ सप्टेंबर २००० पासून अमलात आली. त्या दिवशी कुणाला चार मुलं असली तरी तो अपात्र नाही. संख्या पुढे वाढता कामा नये. त्यानंतरच्या एका वर्षात एका बाळंतपणात झालेलं मूल किंवा जुळी मोजली जात नाहीत. एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळी झाली, तर ती एकच धरतात. दत्तक घेतलेलं मूल मोजत नाहीत. यावरून एक नामी युक्ती निघाली: तिसरं मूल भावाला दत्तक देऊन टाकायचं. ओडिशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलं की दत्तक दिल्याने जन्मदात्यांची मुलं कमी होत नाहीत. निवडून आल्यावर तिसरं झालं तरी पद जातं. मला हा नियम कधीच पटला नाही. किती मुलं हे ज्या घरात सुनेला विचारलंच जात नाही, तिथे तिचीच उमेदवारी त्यापायी जाते. पण न पटण्याने अर्ज वैध होत नाही.

‘अंगठाबहाद्दर चालतो’ आणि ‘दहावी लागते’ ही दोन्ही टोकं चुकीची आहेत. १९९५ पासून पुढे जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असावं लागतं. त्याआधी जन्मलेल्यांना शिक्षणाची अट नाही. म्हणजे सत्तर वर्षांच्या आजीला शाळेचा दाखला कुणी मागणार नाही, तिच्या नातवाला मागतील.

राखीव जागांवर सर्वांत महागात पडणारा गैरसमज सुनांबाबत होतो. लग्नाने जात बदलते आणि सासरच्या जातीचा दाखला चालतो, असं मानून पॅनल एखाद्या घरातली सून उभी करतं. जात जन्माने धरली जाते. दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं लागतं आणि मतदारयादीतलं नाव सासरचं असतं. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा विवाहाचा पुरावा सोबत जोडावा. वैधता हाती नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र देऊन उभं राहता येतं, पण मुदतीत प्रमाणपत्र आणलं नाही तर निवडच रद्द धरली जाते. निम्म्या जागा महिलांना, हे महाराष्ट्रात २०११ पासून आहे. खुल्या जागेवर बाईने लढू नये असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही, तरी गावोगाव तो नियम असल्यासारखं वागतात.

‘पक्षाचं तिकीट मिळालं तरच’ हा समज शहरातून येतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढवलीच जात नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतून कपबशी, शिट्टी, छत्री असं काहीतरी मिळतं. म्हणून निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष ‘सर्वाधिक सरपंच आमचे’ म्हणतो आणि कुणालाच खोटं पाडता येत नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला चिन्ह पक्षाचं असतं, पक्षांतरबंदीही तिथे लागू होते. ग्रामपंचायतीला नाही. ज्या पॅनलचा गुलाल अंगावर आहे, त्याच्याशी कायद्याने तुम्ही बांधलेले नसता, आणि इतर सदस्यही तुमच्याशी नसतात.

बिनविरोधाचं कौतुक फार होतं. समजुतीने झालं तर त्यात गैर काही नाही. पण पदाची बोली लावून ‘पैसे मंदिराला दिले, कुणाच्या खिशात गेले नाहीत’ म्हणणं वेगळं. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. त्यांतल्या नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या निवडणुका लिलावाच्या कारणावरून आयोगाने रद्द केल्या. माघारीसाठी पैसे देणं-घेणं हा गुन्हाच आहे, देणगीची पावती फाडली तरी.

सरपंचपदाबद्दल दोन गोष्टी पक्क्या ध्यानात घ्याव्यात. एक, सरपंच कसा निवडायचा हे सरकार बदललं की बदलत आलं आहे. २०१७ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांतून, २०२२ मध्ये परत थेट. थेट निवडून आलेल्याला सदस्य सहज खाली खेचू शकत नाहीत. पहिली दोन वर्षं अविश्वास आणताच येत नाही. नंतर तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर करावा लागतो आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान होतं. दुसरी गोष्ट, ‘निधी माझ्या हातात येईल’ ही. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. उरलेल्याचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवायचा असतो. पैसे सरपंचाच्या एकट्याच्या सहीने निघत नाहीत, ग्रामपंचायत अधिकाऱ्याचीही सही लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये मानधन दुप्पट झालं, तरी दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावच्या सरपंचाला महिन्याला ६,००० रुपये मिळतात. पंचायतीच्या कामाचा ठेका स्वतः किंवा भागीदाराच्या आडून घेतला, तर पद जातं.

अर्ज बाद झाला तर ‘हायकोर्टात जाऊ’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. राज्यघटनेच्या २४३-ओ कलमामुळे न्यायालयं निवडणूक मध्येच सहसा थांबवत नाहीत. निकालानंतर पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करणं, हा मार्ग आहे. तोवर दुसऱ्याची मिरवणूक निघून गेलेली असते.

आणि खर्च. २०२२ च्या निवडणुकांत सात ते नऊ सदस्यांच्या गावात सदस्यपदासाठी २५,००० आणि थेट सरपंचपदासाठी ५०,००० रुपयांची मर्यादा होती. प्रत्यक्षात काय होतं ते सर्वांनाच माहीत आहे, त्यावर वेगळं लिहायला नको. पण ‘पडलो, आता हिशोब कशाला?’ ही चूक फार जण करतात. निकालानंतर तीस दिवसांत हिशोब दिला नाही, तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवण्यास बंदी येऊ शकते. पडलेल्याला, अनामत गेलेल्याला आणि बिनविरोध आलेल्यालाही तो द्यावाच लागतो. काहीच खर्च झाला नसेल तर शून्याचा हिशोब द्यायचा आणि तहसीलमधून पोच घ्यायची.