न्यूयॉर्कचे वार्तापत्र : लॅटिन जॅझचे पत्रकार

अमेरिकेत लॅटिन जॅझवर लिहिणारा पत्रकार क्वचितच कुठे पगारी नोकर असतो. 1934 पासून निघणारे ‘डाउनबीट’ किंवा तत्सम मासिक लेखापुरते मानधन देते. बाकीची गुजराण तबकड्यांच्या वेष्टनांवरील टिपा, रेडिओ आणि शिकवण्या यांवर.

विषय मात्र दांडगा. हवानाहून आलेल्या मारिओ बाउसाने 1943 मध्ये माचितोच्या वाद्यवृंदासाठी ‘तांगा’ रचले. लॅटिन जॅझचा आरंभ बहुधा तिथून मानतात. 1947 मध्ये डिझी गिलेस्पीने चानो पोसोच्या कोंगाला कार्नेगी हॉलमध्ये स्थान दिले. पुढच्याच वर्षी हार्लेमच्या एका बारमध्ये पोसोचा खून झाला.

समीक्षकाची खरी परीक्षा ‘क्लावे’वर होते. दोन मात्राखंडांत पाच आघात, एकात तीन, दुसऱ्यात दोन. वादकांनी ते वाजवले नाहीत तरी सगळी रचना त्यांवर बेतलेली असते, आणि मध्येच क्रम उलटला तर जाणकार नर्तकाचे पाऊल अडखळते. सम चुकलेली ज्याला कळत नाही त्याने तबल्यावर लिहू नये, तसेच हे. या संगीताचे रंग नागपूरकरांनाही अगदीच परके नाहीत. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या संगीतकार सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’ चित्रपटातल्या (1951) ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो आणि माराकास वाजवून घेतले होते.

या पेशातली मंडळी आडवाटेनेच येतात. जॉन स्टॉर्म रॉबर्ट्स मूळचा लंडनचा, ऑक्सफर्डमध्ये भाषा शिकलेला. नैरोबीत वृत्तपत्रात काम करताना आफ्रिकी संगीताचा नाद लागला. 1970 मध्ये तो अमेरिकेत आला आणि 1979 मध्ये त्याचे ‘द लॅटिन टिंज’ निघाले. अमेरिकी संगीतात लॅटिन अंश तोंडी लावण्यापुरता नाही, तो पायातच आहे, हे त्याने साधार मांडले. पोटासाठी पुढे टपालाने तबकड्या विकण्याचा व्यवसायही केला. ‘लॅटिन जॅझ’ हे पुस्तक यायला 1999 उजाडले.

स्पॅनिश वस्तीतून आलेल्यांचा रोख वेगळा. इझी सानाब्रियाच्या ‘लॅटिन न्यूयॉर्क’ मासिकाने 1973 पासून साल्साला बाजारपेठ मिळवून दिली, त्यात जाहिरातबाजी बरीच होती, पण वादकांचे चेहरे तिथे छापून येत.

2011 मध्ये ग्रॅमी संगीत पुरस्कारांनी 109 विभाग 78 वर आणले. लॅटिन जॅझही त्यात गेले. ढोलवादक बॉबी सानाब्रिया आणि सहकारी न्यायालयात गेले. दावा टिकला नाही, तरी गदारोळ झाला आणि 2012 मध्ये विभाग परत आला. 2013 चे पारितोषिक क्लेअर फिशरच्या वाद्यवृंदाला मिळाले.