पहिली पाळी तळाच्या संघाची

मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉलपटू स्टॅन कॉस्टका १९३५ साली कॉलेजातून बाहेर पडला, तेव्हा फिलाडेल्फिया ईगल्स आणि ब्रुकलिन डॉजर्स या अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या दोन संघांत त्याच्यासाठी चढाओढ लागली. बाजी ब्रुकलिनने मारली. ईगल्सचे मालक बर्ट बेल यांना त्यातून पुढचं सगळं दिसलं. श्रीमंत संघ दरवर्षी चांगली पोरं उचलणार, जिंकणार आणि जिंकून आणखी श्रीमंत होणार. खेळाडूंची निवड सगळ्या संघांनी पाळीपाळीने करावी आणि पहिली पाळी तळाच्या संघाची असावी, हे त्यांनी इतर मालकांच्या गळी उतरवलं. त्या वर्षी तळाला खुद्द ईगल्सच होते.

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात पहिला ‘ड्राफ्ट’ झाला. संघ ९, फळ्यावर नावं ९०. पहिलं नाव पुकारलं गेलं ते जे बर्वांगरचं. पैशांचं जुळलं नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

आज ३२ संघ एप्रिलअखेरीस तीन दिवसांत सात फेऱ्या खेळतात. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्याचा नंबर पहिल्या फेरीत शेवटचा. आयपीएलच्या लिलावात बोली चढते, इथे बोलीच नसते. ज्या संघाने नाव पुकारलं, त्याच्याशीच करार करायचा.

पाळ्यांचा मात्र सौदा होतो. २०२३ मध्ये कॅरोलिना पँथर्सना पहिला क्रमांक हवा होता. त्यासाठी त्यांनी शिकागो बेअर्सना डी. जे. मूर हा खेळाडू आणि चार पाळ्या दिल्या. त्यांतली एक २०२४च्या पहिल्या फेरीतली होती. पँथर्स त्या हंगामात १७ पैकी १५ सामने हरले, तळाला गेले आणि त्यांनी देऊन टाकलेली ती पाळीच २०२४ची पहिली ठरली. तिच्यावर बेअर्सनी केलेब विल्यम्सला घेतलं.

निवडीआधी इंडियानापोलिसला पोरांची उंची-वजनं घेतात, ४० यार्डांची धाव घड्याळ लावून मोजतात, डॉक्टर सांधे तपासतात. एवढं करूनही २००० साली टॉम ब्रेडी सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले.

संघांना बरोबरीत आणणाऱ्या या पद्धतीची किंमत मोजतो तो विशीतला खेळाडू, आणि हे अमेरिकी न्यायालयानेही ओळखलं होतं. १९६८ साली वॉशिंग्टनच्या संघाने निवडलेला जेम्स ‘याझू’ स्मिथ पहिल्याच हंगामाच्या अखेरच्या सामन्यात मानेला दुखापत होऊन कायमचा बाहेर पडला. खुल्या बाजारात आपल्याला जास्त पैसे आणि संरक्षण मिळालं असतं, असा त्याचा दावा होता. १९७६ मध्ये न्यायालयाने ड्राफ्ट बेकायदा ठरवला. पण १९७७ मध्ये लीगने खेळाडूंच्या संघटनेशी करार केला, त्यात ड्राफ्ट घातला, आणि सामूहिक कराराचं कायदेशीर कवच त्याला मिळालं.

ती संघटना आधीच खेळत असलेल्यांची असते. कॉलेजातल्या पोराला तिथे मत नाही, तरी करार त्याला बांधतो. २०१०चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. २०११च्या करारात संघटनेने नवख्यांच्या पगाराला मर्यादा मान्य केली, आणि त्याच वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा सगळा करार सुमारे २ कोटी २० लाखांत आटोपला.