माळ्यावरची ठासणीची बंदूक

ज्या घराण्यात कधी काळी कुणी पलटणीत होते, संस्थानाच्या शिबंदीत होते किंवा एखाद्या देशमुखाच्या वाड्यावर पहाऱ्याला होते, त्या घराच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू निघण्याचा संभव असतो. आम्ही शाळेत इतिहास आणि उर्दू शिकवतो. १८५७ चा धडा आला की दर दोन-तीन वर्षांनी वर्ग सुटल्यावर एखादा मुलगा मागे रेंगाळतो आणि हळूच म्हणतो, “सर, आमच्या पडदादांची पण एक बंदूक आहे. दादी म्हणते, कुणाला सांगू नकोस.”

दादीचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. घरात बंदूक निघाली, मग ती दोनशे वर्षांची का असेना, की आधी पोटात गोळा येतो. मग रात्री ती खाडीत जाते, विहिरीत जाते, नाहीतर भंगारवाल्याच्या काट्यावर लोखंडाच्या भावाने जाते. आपल्या वडिलधाऱ्यांनी कुणाची चाकरी केली, कोणत्या सालात केली, याचा घरात उरलेला एकमेव पुरावा पुष्कळदा तोच असतो. कागद वाळवीने खाल्लेले असतात, फोटो त्या काळी नव्हते. म्हणून या बंदुका ओळखाव्यात कशा आणि त्यांचे करावे काय, हे जरा तपशिलाने लिहीत आहोत.

पण त्याआधी एक अत्यंत गरजेची गोष्ट. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून भरतात आणि गजाने ठासतात. एकदा भरलेली बंदूक उडवल्याखेरीज सहज रिकामी होत नाही. त्यामुळे भरून ठेवलेल्या बंदुका तशाच भिंतीला टेकून पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. तेव्हा बंदूक हातात घेताच तोंड माणसांपासून दूर ठेवावे, घोडा ओढून पाहू नये, जवळ विडी-काडी नको. मग लाकडाची एक सरळ काठी नळीत अलगद शेवटपर्यंत सोडावी, तोंडापाशी काठीवर खूण करावी, काठी बाहेर काढून नळीच्या बाजूने तेवढीच लांबी धरावी. काठीचे टोक नळीच्या मागच्या बाजूला जे बारीक छिद्र असते, ज्याला कान म्हणतात, त्याच्यापर्यंत पोचले तर नळी रिकामी. दोन-चार बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे असे समजावे. ते चिंध्यांचे घरटेही असेल, दारू-गोळीही असेल. ते घरी उकरू नये, त्यासाठी जाणकार माणूसच हवा. मुलांना तर या वस्तूपासून लांबच ठेवावे.

आता ओळख. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे सर्वांत जास्त फिरलेली फौजी बंदूक म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची गारगोटीची बंदूक. गोरे सोल्जर तिला ‘ब्राऊन बेस’ म्हणत. इंग्रजांच्या आपल्या फौजेची मूळची बंदूक लांब नळीची होती, आधी ४६ इंच आणि मग ४२ इंच. कंपनीने हिंदुस्थानातल्या पलटणींसाठी ३९ इंच नळीची, घडणीला सोपी आणि स्वस्त बंदूक लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून करवून घेतली. फ्रान्सशी लढाई जुंपली, विलायतेत बंदुका कमी पडू लागल्या, तेव्हा खुद्द इंग्रज सरकारनेच १७९७ मध्ये कंपनीचा हा नमुना उचलला. तिचे नावच ‘इंडिया पॅटर्न’ पडले. नेपोलियनविरुद्धच्या लढाया इंग्रजांनी मुख्यतः याच नमुन्यावर लढल्या. इकडे १८०३ ची असईची आणि १८१७ ची खडकीची लढाई झाली, तेव्हाही कंपनीच्या शिपायांच्या खांद्यावर हीच होती.

घरात शिवणकामाची टेप असतेच. नळी तोंडापासून मागच्या टोकापर्यंत मोजावी. ३९ इंचांच्या आसपास भरली, तोंडाचा व्यास पाऊण इंच निघाला, बाकी सामान म्हणजे दस्त्याची टाच, घोड्याभोवतीची कडी आणि गज अडकवण्याच्या नळ्या पितळेच्या असल्या, तर आपण योग्य वाटेवर आहोत. गजाच्या नळ्या तीन असाव्यात. जुन्या लांब नमुन्यात त्या चार असत.

मग उजव्या बाजूची लोखंडी पट्टी पाहावी. बंदुकीचा जन्मदाखला तिच्यावरच असतो. या पट्टीवर गारगोटी धरणारा घोडा, त्याच्यासमोर पोलादी झडप आणि झडपेखाली रंजक ठेवण्याची वाटी असते. घोडा पडला की गारगोटी झडपेवर घासते, ठिणगी वाटीत पडते, वाटीतली रंजक पेटते आणि ती आग कानातून नळीत शिरते. पट्टीवर मुकुट आणि ‘जी आर’ ही अक्षरे, मागच्या बाजूला ‘टॉवर’ असा शब्द, हा इंग्रज सरकारचा माल. कंपनीच्या मालावर वेगळी खूण असे. १८०८ पर्यंत बदामाच्या आकाराचे चार खणांचे चिन्ह, त्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण आणि खणांत कंपनीची आद्याक्षरे. मालाच्या गाठोड्यांवर मारायचा शिक्काच बंदुकीवर मारलेला! व्यापाऱ्याची फौज ती, शिक्काही वखारीचाच. त्यानंतर मात्र मागच्या पायांवर उभा राहिलेला, पंजात मुकुट धरलेला सिंह आला. बदाम की सिंह, एवढे ओळखले तरी बंदूक १८०८ च्या आधीची की नंतरची हे ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गारगोटी गेली आणि टोपी आली. तांब्याची छोटी टोपी, आत भडकणारा मसाला, घोडा वरून हातोडीसारखा पडतो. पावसाळ्यात रंजक भिजण्याची कटकट संपली. आपल्या देशात ही केवढी सोय झाली असेल! पण जुन्या बंदुका फेकून कोण देतो? पुष्कळ गारगोटीच्या बंदुकांचे टोपीच्या बंदुकांत रूपांतर केले गेले. टोपीची बंदूक हाती आली तर पट्टी तिरप्या उजेडात धरून पाहावी. वाटी आणि झडपेची कमान जिथे बसवलेली होती तिथली भोके बुजवल्याच्या गोल खुणा दिसल्या, तर ती मुळातली गारगोटीची.

यानंतर येते १८५३ ची एनफील्ड. इतिहासाच्या पुस्तकात तिच्या वाट्याला दोन ओळी असतात, त्याही चरबीच्या. या बंदुकीच्या नळीच्या आत तीन पिळदार खाचा आहेत, त्यामुळे गोळी भिंगरीसारखी फिरत जाते. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे दैवाच्या हवाली असे. एनफील्डच्या डोळ्यासमोरच्या शिडीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा आहेत. तोंडाचा व्यास .५७७ इंच, नळी पुन्हा ३९ इंच आणि ती लाकडाला तीन लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली. तिचे कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे, आणि त्याला लावलेल्या चरबीचा बोभाटा होऊन काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. बराकपूरला २९ मार्च १८५७, मेरठला १० मे, आपल्याकडे कोल्हापूरला ३१ जुलै रोजी २७ व्या पलटणीचा उठाव.

मुलांना आम्ही यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ज्या बंदुकीवरून उठाव झाला असे आपण म्हणतो, ती उठाववाल्या शिपायांपैकी बहुतेकांच्या हाती आलेलीच नव्हती. ते लढले जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांनी, आणि समोरच्या गोऱ्या पलटणींकडे एनफील्ड होती. लांबून टिपले जाणे म्हणजे काय, हे त्यांना रणांगणावर कळले.

उठाव मोडल्यावर इंग्रजांनी जे केले ते बंदुकीवरच लिहिलेले आहे. हिंदी शिपायांसाठी त्यांनी १८५८-५९ मध्ये नवे नमुने काढले. बाहेरून थेट एनफील्ड, तीन पट्ट्या, तसाच घोडा. आतून मात्र नळी गुळगुळीत, खाचा नाहीत, तोंड .६५६ इंचांचे. लांबच्या नेमाची शिडीही नाही, साधी ठोकळ्याची माशी. म्हणजे शिपायाच्या हाती बंदूक द्यायची, पण गोऱ्याच्या बंदुकीच्या बरोबरीची द्यायची नाही! संग्रह करणारे पुष्कळ लोक अशी बंदूक पाहून “खाचा झिजल्या” म्हणतात आणि किंमत पाडतात. खाचा झिजलेल्या नाहीत, त्या कधी पाडल्याच नव्हत्या. आमच्या मते १८५७ नंतरच्या अविश्वासाचा याहून बोलका दस्तऐवज नाही, आणि तो सरकारी दप्तरापेक्षा एखाद्या जमादाराच्या नातवंडांच्या माळ्यावर सापडण्याची शक्यता अधिक. पुढेही हीच चाल राहिली. १८६६ मध्ये एनफील्डच्या मागच्या बाजूला उघडणारे झाकण बसवून ‘स्नायडर’ तयार झाली, आणि हिंदी पलटणींना ती मिळू लागेपर्यंत गोऱ्यांकडे त्याहून नवी मार्टिनी-हेन्री येऊन पोचली होती.

जिथे किंमत आहे तिथे नक्कल आहे. खैबरच्या दोन्ही बाजूंचे कारागीर हातोडी-कानशीवर इंग्रजी बंदुकीची हुबेहूब प्रत काढण्यात पिढीजात वाकबगार. अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी सैनिकांनी तिथल्या बाजारातून अशा ‘विक्टोरिया राणीच्या’ बंदुका आठवण म्हणून नेल्या. त्या ओळखायच्या अक्षरांवरून. कारागिराला इंग्रजी येत नाही, तो चित्र काढावे तशी अक्षरे काढतो, मग ‘एन’ उलटा पडतो, स्पेलिंग घसरते, मुकुट भोपळ्यासारखा होतो. सही-शिक्का खरा असेल तर तो ठशाने एका घावात उमटलेला असतो, छिन्नीने टोचत टोचत कोरलेला नसतो. आपल्या देशातही परदेशी हौशी मंडळींसाठी नव्या ब्राऊन बेस बनतात आणि कित्येकदा कानाचे छिद्र न पाडताच बाहेर पाठवल्या जातात. त्या खोट्या म्हणून विकल्या तर गुन्हा नाही. पण तेजाबाने काळवंडून ‘नवाबाची’ म्हणून कुणी पुढे केली, तर छिद्र, स्क्रूचे डोके आणि दस्त्याच्या आतले लाकूड पाहावे. शंभर वर्षांचा हातांचा मळ तेजाबाने येत नाही.

एका ठिकाणी मात्र आपल्याला अभ्यासकांपेक्षा जास्त वाचता येते. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुन्या शस्त्रांचा प्रचंड साठा अमेरिकेतल्या दोन व्यापारी संस्थांनी नेपाळ सरकारकडून विकत घेतला. त्यात ब्राऊन बेस होत्या, एनफील्ड होत्या आणि नेपाळातच घडवलेल्या त्यांच्या प्रतीही होत्या. या प्रतींवरच्या खुणा देवनागरीत! अमेरिकेतला संग्राहक भिंग लावून जे आकडे लावत बसतो, ते आपल्या पहिलीतल्या पोराला वाचता येतात. साल विक्रम संवताचे असले तर साधारण ५७ वजा करावेत. तसेच संस्थानी बंदुकांवर फारसी-उर्दू आकडे आणि हिजरी सन आढळतो. १२७४ असेल तर तो सन ऑगस्ट १८५७ मध्ये सुरू झाला. एक धोका ध्यानात ठेवावा. उर्दूतले शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि गंजाचा खड्डाही ठिपकाच. वाचताना घरातल्या उर्दू जाणणाऱ्या बुजुर्गांना जवळ बसवावे.

सफाईचा मोह मात्र आवरावा. सॅंडपेपर, चिंच, पितळेची पॉलिश यांनी बंदूक चकाकते आणि शिक्के पुसले जातात. दस्त्याच्या पितळी टाचेवर बारीक आकडे असतात, ते पलटणीतल्या त्या बंदुकीचे नंबर. तेच गेले तर उरले काय? सैल धूळ झटकावी, लोखंडावर तेलाचा पुसट हात फिरवावा, एवढे पुष्कळ.

राहता राहिला कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे. पण अट अशी की, ते दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. जुनी आहे एवढ्यावर सूट मिळत नाही, हे नीट समजून घ्यावे. चालू शकणाऱ्या बंदुकीला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारसाहक्काने आलेली धरूनही एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणून लपवून ठेवण्यापेक्षा वकिलाच्या सल्ल्याने पोलीस ठाण्यात लेखी कळवावे, सोबत फोटो द्यावेत आणि पोच घ्यावी. पोच महत्त्वाची. ती बंदुकीपेक्षा जपून ठेवावी. आखातात किंवा लंडनला असलेल्या भावाने “माझ्या दिवाणखान्यासाठी पाठव” म्हटले तर त्याला साफ नाही सांगावे. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

घरात ठेवणे जमत नसेल तर संग्रहालयाला देण्याची वाट आहे. तेथे देताना नुसती वस्तू देऊ नये. एका कागदावर लिहावे की ही कुणाची, त्यांचे गाव कोणते, ते कोणत्या पलटणीत किंवा संस्थानात होते, आणि हे घरात कुणी कुणाला सांगितले. घरातल्या दादी-नानीला आजच विचारावे. नळीवरचे आकडे उद्याही वाचता येतील.