निवड समितीतला ‘आपला माणूस’



शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांना एक प्रश्न पाठ असतो. भारताचा संघ जाहीर झाला की पहिली विचारणा खेळपट्टीची किंवा हवामानाची नसते. विचारणा असते, “आपले किती?” दादरमध्ये या ‘आपले’चा अर्थ मुंबईचे. मुंबईचाच संघ निवडला गेला असेल तर ‘आपले’ आणखी आकसतात. मग शिवाजी पार्क जिमखान्याचे किती आणि माटुंग्याच्या दादर युनियनचे किती, याचा हिशोब सुरू होतो. हाच प्रश्न दिल्लीत आणि चेन्नईतही विचारला जातो, फक्त तिथे तो तक्रारीच्या सुरात असतो: मुंबईवाले मुंबईवाल्यांनाच घेतात.

ही तक्रार खरी की खोटी, हे आज आम्ही सांगणार नाही. तिचा नेमका अर्थ काय होतो, आणि ती तपासायची कशी, एवढंच आपण पाहू. डोकं थंड राहावं म्हणून आधी जिथे आपलं कुणीच नाही असं उदाहरण घेऊ.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल फार मोठा आहे. तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा, त्यांचा स्वतःचा खेळ. तिथली विद्यापीठं वेगवेगळ्या गटांत विभागलेली आहेत. त्या गटाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. बहुतेक सामने गटातल्या गटात होतात, आणि शेवटी देशाचा विजेता ठरवायला थोडेच संघ निवडायचे असतात. 2014च्या मोसमापासून हे काम 13 जणांची समिती करते. सुरुवातीला चारच जागा होत्या. 2023मध्ये फ्लोरिडा स्टेट हा संघ 13 पैकी 13 सामने जिंकून, आपल्या गटाचा विजेता होऊनही बाहेर राहिला. एक सामना हरलेला अलाबामा आत गेला. फ्लोरिडा स्टेटचा मुख्य खेळाडू जायबंदी झाल्याने तो संघ आता पूर्वीचा राहिलेला नाही, असं समितीचं म्हणणं होतं. लोक म्हणाले, अलाबामाच्या गटाचा दबदबा मोठा, म्हणून हे झालं. पुढच्याच मोसमापासून जागा 12 झाल्या, आणि त्यातल्या पाच गटविजेत्यांसाठी राखल्या गेल्या.

आता घरी येऊ. आपल्या क्रिकेटमध्ये ‘कॉन्फरन्स’चा भाऊ आहे ‘विभाग’: पश्चिम, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि मध्य. राष्ट्रीय निवड समितीत पाच जण, प्रत्येक विभागाचा एक, ही प्रथा अनेक दशकं चालली. म्हणजे प्रत्येक विभागाचा एक ‘आपला माणूस’ समितीत बसलेला.

पक्षपात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वशिला येतो. पण पक्षपात एकाच जातीचा नसतो. आम्हाला त्याचे निदान चार प्रकार दिसतात.

पहिला, हितसंबंधाचा. निवडणाऱ्याचं आणि निवडला जाणाऱ्याचं नातं असतं. सुनील गावसकर मुंबईकडून रणजी खेळायला उतरले तेव्हा त्यांचे मामा माधव मंत्री मुंबईच्या निवड समितीवर होते. पहिल्या सामन्यात गावसकर शून्यावर बाद झाले आणि मामामुळे जागा मिळाली, अशी कुजबुज झाली. पुढच्या सामन्यात त्यांनी शतक ठोकलं, आणि 1971मध्ये वेस्ट इंडिजच्या पहिल्याच दौऱ्यात 774 धावा केल्या. कुजबुज थांबली. पण विचार करा, गावसकरांची गुणवत्ता पहिल्या दिवशीही तेवढीच होती. त्या दिवशी ती सिद्ध करायला त्यांच्याकडे काहीही नव्हतं. आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश होऊ नये, हा नियम म्हणूनच आहे. अमेरिकेच्या त्या समितीत ज्या सदस्याचा एखाद्या विद्यापीठाशी पगाराचा किंवा जवळच्या नात्याचा संबंध असतो, तो त्या संघाची चर्चा चालू असताना खोलीबाहेर जातो. हा नियम समितीचं नाव राखतो, आणि गुणी भाच्यालाही संशयापासून वाचवतो.

दुसरा प्रकार ओळखीचा. यात लबाडी नसते, म्हणून तो पकडायला कठीण. पश्चिम विभागाचा निवडकर्ता पश्चिमेचे सामने जास्त पाहतो. मुंबईच्या फलंदाजाचं अपयश त्याला कारणासकट ठाऊक असतं: खेळपट्टी ओली होती, पंचांचा निर्णय चुकला. पूर्वेकडच्या फलंदाजाचं अपयश त्याला नुसत्या आकड्यात दिसतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, तसं प्राध्यापकांच्या निवड समित्यांवरही बसलो. एकदा दोन उमेदवार तुल्यबळ होते. एकाचे मार्गदर्शक आमच्या चांगल्या परिचयाचे, दुसरा लांबच्या जिल्ह्यातून आलेला. पहिला एका प्रश्नाला अडखळला तेव्हा आम्हाला वाटलं, घाबरला बिचारा. दुसरा अडखळला तेव्हा वाटलं, तयारी कमी आहे. कुणाचा फोन नव्हता की चिठ्ठी नव्हती. आम्ही गुण दिले, घरी आलो आणि शांत झोपलो. आपण एकाच गोष्टीला दोन नावं दिली, हे आमच्या ध्यानात यायला कित्येक वर्षं गेली. तोवर त्या दुसऱ्या उमेदवाराचं काय झालं, हे विचारायची सोयही उरली नव्हती.

तिसरा प्रकार वर्तुळाचा. आमचा विभाग बलाढ्य का? कारण त्यातले संघ बलाढ्य आहेत. संघ बलाढ्य कशावरून? त्यांनी बलाढ्य विभागातल्या संघांना हरवलं म्हणून. तर्कशास्त्रात याला चक्रापत्ती म्हणतात. सामने गटातल्या गटातच झाले तर या चक्रातून बाहेर पडता येत नाही.

रणजी करंडकाचा इतिहास याचा सुंदर धडा आहे. 1957-58पासून विभागवार साखळी सामने सुरू झाले आणि प्रत्येक विभागाचा फक्त विजेता बाद फेरीत जाऊ लागला. दिसायला हे अगदी समन्यायी: पाच विभाग, पाच संघ. पण मुंबई 1958-59पासून सलग 15 वेळा रणजी जिंकत होती. तिच्याच विभागात महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र होते. त्यांच्यातला एखादा संघ देशात दुसऱ्या क्रमांकाचा असला, तरी मुंबईमागे राहिल्यामुळे तो घरी बसणार. 1970-71मध्ये नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. त्याच वर्षी अंतिम सामना कुणात झाला? मुंबई आणि महाराष्ट्र. दोघेही पश्चिम विभागाचे! वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मांकड हे सगळे वेस्ट इंडिजमध्ये होते, तरी सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली मुंबई जिंकली. एका वर्षावरून सिद्धांत मांडू नये, हे खरं. पण आदल्या वर्षीचा नियम असता तर हा अंतिम सामना होऊच शकला नसता. प्रत्येक विभागाला सारखी जागा देणं आणि प्रत्येक संघाला सारखी संधी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वर्तुळ तोडायचा उपाय एकच: वेगवेगळ्या गटांना आपसांत खेळवणं. 1961-62मध्ये विभागांविभागांत दुलीप करंडक सुरू झाला, त्याचं महत्त्व इथे आहे. उत्तरेचा फलंदाज दक्षिणेच्या फिरकीसमोर उभा राहिला की निवडकर्त्याला तुलनेसाठी काहीतरी हाती लागतं.

चौथा प्रकार सगळ्यांत गंभीर, निकषाचा. पळवंकर बाळू हे आपल्याकडचे पहिले थोर फिरकी गोलंदाज. चर्मकार समाजात जन्मलेले. पुण्यात हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र त्यांना वेगळ्या भांड्यात दिला जाई. पुढे ते मुंबईत हिंदू जिमखान्याकडून खेळले. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं अधिकृत कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. 1920मध्ये या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. 1923मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

इथे ओळखीचा अभाव नव्हता. बाळूंची गोलंदाजी सगळ्यांनी पाहिली होती. वर्तुळही नव्हतं; ते इंग्लंडमध्ये जाऊन पारखले गेले होते. मग पक्षपात शिरला कुठून? बळी मोजता येतात, म्हणून गोलंदाज म्हणून त्यांना नाकारता आलं नाही. ‘नेतृत्वगुण’ मोजता येत नाहीत, म्हणून तिथे नाकारता आलं. निकष जितका मोघम, तितकी पूर्वग्रहाला लपायला जागा जास्त. ‘या संघाकडे पाहून भरवसा वाटतो’, ‘हा मुलगा मोठ्या सामन्याचा वाटतो’, अशी वाक्यं ऐकू आली की कान टवकारावेत.

आता तक्रार तपासायची कशी? कट्ट्यावरची पद्धत निवडलेल्यांची डोकी मोजण्याची. ती अपुरी आहे. एका काळात मुंबईचे पाच-सहा जण भारतीय संघात असत, पण रणजी करंडकही मुंबईकडेच असे. संख्येवरून काहीच ठरत नाही. बघायचं असतं ते काठावर: निवडलेल्यांतला शेवटचा आणि वगळलेल्यांतला पहिला. एखाद्या गटाला खरोखर झुकतं माप मिळत असेल, तर त्या गटाचा शेवटचा निवडलेला खेळाडू दुसऱ्या गटाच्या वगळलेल्यापेक्षा वारंवार कमी भरेल.

आणि उलटा पुरावाही शोधायचा. पद्माकर शिवलकर शिवाजी पार्क जिमखान्याचे. प्रथम श्रेणीत 589 बळी. 1972-73च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईत तामिळनाडूविरुद्ध एका डावात 16 धावांत 8 बळी. एकही कसोटी नाही. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचे 750 बळी, त्यांनाही एकही कसोटी नाही. दोघंही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि दोघांच्याही वाटेत बिशनसिंग बेदी. त्या काळच्या प्रसिद्ध फिरकी चौकडीत पश्चिम विभागाचा एकही नव्हता. मुंबईचं वजन सगळीकडे चालत असतं तर शिवलकर असे राहिले नसते. अन्याय, दुर्दैव आणि पक्षपात हे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. शिवलकरांच्या बाबतीत दुर्दैव नक्की म्हणता येईल. पक्षपात म्हणायला वेगळा पुरावा लागेल.

आणखी एक गफलत टाळायला हवी. 1971च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी पतौडींना बदलून अजित वाडेकर कर्णधार झाले, ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर. मर्चंट मुंबईचे, वाडेकर मुंबईचे. भारत त्या वर्षी वेस्ट इंडिजमध्ये जिंकला आणि इंग्लंडमध्येही. त्यामुळे आपण म्हणतो, मर्चंटांचा निर्णय योग्य होता. पण निकाल चांगला लागला म्हणून निर्णयाची रीत चांगली ठरत नाही, आणि मालिका हरलो असतो तर ती वाईटही ठरली नसती. मत दिलं त्या क्षणी मर्चंटांसमोर कोणती कारणं होती, एवढंच तपासायचं असतं. त्याच 1971मध्ये जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाचा न्यायावरचा मोठा ग्रंथ आला. योग्य निकाल काय हे स्वतंत्रपणे ठरलेलं असतं, पण तिथे हमखास पोहोचवणारी रीत नसते, अशा स्थितीला तो अपूर्ण प्रक्रियात्मक न्याय म्हणतो. त्याचं उदाहरण फौजदारी खटल्याचं आहे. निवड समितीही त्याच जातीची. निर्दोष रीत मिळणार नाही. कमी सदोष मिळू शकते.

मग विभागांचे प्रतिनिधी असावेत की नसावेत? न्यायमूर्ती लोढा समितीने 2016मध्ये तीनच निवडकर्ते, तेही कसोटी खेळलेले, अशी शिफारस केली. विभागाचा हिशोब तिला नको होता. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. पुढे 2018मध्ये पाच निवडकर्त्यांना परवानगी मिळाली. 2023मध्ये अजित आगरकर अध्यक्ष झाले तेव्हा पश्चिमेचे सलील अंकोला आधीच समितीत होते, आणि उत्तरेचं कुणीच नव्हतं. 2024मध्ये अंकोलांच्या जागी उत्तरेचे अजय रात्रा आले. म्हणजे विभागाचा हिशोब अजून कुणाच्या मनातून गेलेला नाही.

आमचं मत विचाराल तर तो पूर्ण जाऊही नये. प्रतिनिधीचं एक काम खरं आहे: जो मुलगा दुसऱ्या कुणी पाहिलेलाच नाही, त्याची माहिती खोलीत आणणं. त्याने साक्षीदार व्हावं. घोटाळा होतो तो साक्षीदारच वकील झाला की, आणि मग ‘तुझा एक घे, माझा एक घे’ असा सौदा सुरू होतो. म्हणून निकष आधी लिहून ठेवावेत, नातं असेल त्याने उठून बाहेर जावं, आणि काठावरच्या नावांबद्दल कारणं जाहीर करावीत. यातलं काहीही खर्चाचं नाही.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: “निवडणारा पूर्ण तटस्थ असूच शकत नाही, मग एवढा खटाटोप कशाला?” तटस्थ माणूस आम्हालाही अजून भेटलेला नाही. आरशातही नाही. म्हणूनच खटाटोप. त्या मुलाखतीत कुणी आम्हाला फक्त एवढं लिहायला लावलं असतं, की दोन्ही उमेदवार कोणत्या प्रश्नाला अडखळले आणि प्रत्येकाचे किती गुण कापले, तर आमचीच लेखणी आम्हाला थांबवती. आम्ही तेव्हा प्रामाणिक होतो. त्या दुसऱ्या उमेदवाराला त्याचा काही उपयोग झाला नाही.